वांझ फुलं

१० ऑगस्ट

अंगण झाडलं, नळ यायच्या आत भांडी घासली, पाण्याचे दोन गुंड भरले, आणि टोपली घेऊन कोहळ्याच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, वेलीपाशी गेले. कधीची ती सकाळ, साल आठवत नाही. देठाला फळ नसलेली फुलं खुडायची आणि बेसनात बुडवून भजी करायची. त्यांना आम्ही वांझ फुलं म्हणतो. हे पहिल्या पाळीला स्टील प्लांटमध्ये निघाले होते, सायकल हातात. म्हणाले, "दोन राहू दे." रोज म्हणायचे. मला वाटायचं, हौस आहे माणसाला.

पुढच्या महिन्यात यांना जाऊन वर्ष होईल. येईल त्याला बिया वाटायचे. डब्यात चारच उरल्या होत्या. तीन सडल्या, एक उगवली. वेल हुडको कॉलनीतल्या आमच्या घराची भिंत चढली, पण तिची दोन्ही पिल्लं, फुलामागची इवली फळं, पिवळी पडून गळाली.

यंदा मी सगळी वांझ फुलं खुडली. दोन राहू दे म्हणणारं कोणी नव्हतं.

१२ ऑगस्ट

दुर्गहून नणंद आली. गळकं पिल्लू उचलून बघितलं. "वहिनी, राग नका मानू. विधवेच्या हाताले वेल धरत नाही. उमाकांतले पाणी घालाले सांगा."

माझा लेक उमाकांत रसमड्याच्या फॅक्टरीतून उभा वाळून येतो. त्याला स्वतःला पाणी लागतं.

"तुमच्या घरची कढीपत्त्याची कुंडी कोणाच्या हातानं वाळली, कांताबाई?"

चहा न घेता गेली. जाऊ दे.

१५ ऑगस्ट

शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन रद्दीवर झालं. रद्दीवाल्या भैयालालकडून सातवीचं विज्ञानाचं पुस्तक आणलं, हिंदीतलं. दुपारभर वाचलं.

कोहळ्याच्या एकाच वेलीवर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. नराचा पराग माशीनं मादीपर्यंत नेला तर फळ धरतं, नाहीतर गळतं. म्हणजे ज्यांना आपण वांझ म्हणून तळून खाल्लं, ते बाप होते!

आणि यांना माहीत होतं. सांगितलं का नाही? विचारलं का नाही मी?

१९ ऑगस्ट

तिसरं मादी फूल आज उमललं. माशी एक नाही, काल डास मारायची धुराची गाडी फिरून गेली. सकाळी सहाला नर फूल खुडलं, पाकळ्या काढल्या आणि मधली काडी मादी फुलाच्या पोटात हळूच फिरवली. तेवढंच.

लग्नात मला हळदीजवळ उभं करत नाहीत. आज मीच लग्न लावलं. बोटं पिवळी झाली, वर्षभरात पहिल्यांदा. दुपारपर्यंत हात धुतले नाहीत.

२६ ऑगस्ट

लिंबाएवढं होतं, आता पेरूएवढं. गळलं नाही.

१७ सप्टेंबर

यांचं वर्षश्राद्ध झालं. कांताबाई सकाळीच आली आणि थेट वेलीकडे गेली. कोहळं भरलं आहे, पण हिरवं. नखानं साल टोकरून म्हणाली, "भाजीले हेच पायजे. घरचं. दादाले आवडे."

मी म्हटलं, "आत बिया कच्च्या आहेत. आता तोडलं तर वाणच संपलं. भाजीला बाजारातून आणलंय."

"मेलेल्या माणसापेक्षा बिया मोठ्या झाल्या काय तुमाले?"

"मेलेल्या माणसाच्याच बिया आहेत."

उमाकांत मध्ये पडला, "आई, आत्या म्हणते तर..." मी खाट ओढून वेलीपुढे बसले. भटजी येईपर्यंत उठले नाही. भाजी बाजारच्या कोहळ्याची झाली. आत्याबाईंनी दोनदा घेतली.

रात्री रडले. भांडण जिंकल्यावर सांगायला घरात ते नव्हते.

७ ऑक्टोबर

देठ वाळला. कोहळं तोडून आणलं. रंग विटेसारखा, नख रुतत नाही.

कांताबाई बघायला आली. बऱ्याच दिवसांनी बरं बोलली. "धरलं हो वहिनी." मग लगेच, "पण सुरी नका लावू. कोहळं म्हणजे घरचा मोठा लेक. बाईनं चिरू नये. पहिला वार उमाकांत करन."

उमाकांतला रविवारशिवाय सुट्टी नाही. आणि खरं तर मला थांबायचंच नव्हतं. विचारलं, "तुमचे बाबा गेले तेव्हा दादा तीन वर्षांचे, तुमी पोटात. हे वाण तुमच्या आईचं. मग तेव्हा कोहळं कोण चिरे?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"आईच चिरे. दार लावून. मी कडी धरून उभी राहो, कोणी येऊ नये म्हणून." मग म्हणाली, "दादालेही ठाऊक नव्हतं. तुमी सांगू नका कोणाले."

मी म्हटलं, "उद्या सकाळी या."

९ ऑक्टोबर

काल दार उघडं ठेवलं, पायरीवर पाट मांडला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर कोहळं चिरलं. दुसरी बाजू कांतानं धरली होती.