साहेबांना सोबत

मंगळवार, ४ नोव्हेंबर. दुपारी चार वाजून दहा मिनिटे.

वेळ मुद्दाम लिहिते आहे. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीवर माझी सगळी नोकरी गेली. वेळ न लिहिलेली तक्रार मी कोणाची घेतली नाही, स्वतःचीही घेणार नाही.

दातांच्या डॉक्टरकडून घरी आले. अर्धं तोंड बधिर. बघते तर बाहेरच्या खोलीत माझी मुलगी उभी, आणि साहेबांच्या टाकीत दुसरं कासव! मला न विचारता. किल्ली अडीअडचणीला दिली होती, कासवं आणून सोडायला नव्हे.

"सोबत आणली त्यांना," म्हणाली. "एकटे किती कंटाळत असतील!"

तोंड बधिर होतं म्हणून वाचली.

साहेब कंटाळत नाहीत. हे नाव यांनी ठेवलं होतं – माझ्या खात्यातल्या एका साहेबावरून. सहीचा कागद पुढे केला की तो अशीच मान आत ओढून घ्यायचा. हे गेल्यापासून घरात साहेब आणि मी. कोणी कोणाच्या वाटेला जात नाही. उत्तम चाललं होतं.

बुधवार, ५

नवीन कासवाचं नाव "सोबत" ठेवलं. नावं ठेवायची तर समोरासमोर.

आकाराने साहेबांच्या दीडपट. आल्या आल्या दिव्याखालचा दगड बळकावला. साहेब पाण्यात, भिंतीकडे तोंड करून. दुकानदार म्हणे मुलीला म्हणाला, जोडी असली की रमतात. तो म्हणणारच. त्याला दोन विकायची आहेत.

गुरुवार, ६

मुलीने फोनवर फोटो मागितला. पाठवला. सोबत साहेबांच्या पाठीवर चढून बसली आहे, खाली साहेबांची मान दगडावरून लोंबते आहे. उत्तर आलं – "किती गोड! मिठी मारलीय!"

मिठी? भरलेल्या बसमध्ये लोक एकमेकांच्या अंगावर पडतात, त्याला कोणी मिठी म्हणतं का?

मग लगेच तिचा फोन. आधी हवापाणी, मग माझा दात, मग हळूच – आत्या आपल्याकडे राहायला आली तर? तिचं हल्ली विसरणं वाढलंय, गॅस चालू ठेवते. तिचीही सोय होईल आणि "तुला सोबत".

अस्सं! म्हणजे टाकीत चालली होती ती रंगीत तालीम.

वन्सं वाईट नाहीत. पण त्या पहाटे रेडिओ लावतात, आणि मला सकाळचा चहा होईपर्यंत माणसाचा आवाज सोसत नाही. हे घर माझं आहे. यातली शांतता मी कमावलेली आहे.

शुक्रवार, ७

जेवले नाहीत. साहेब. मी जेवले.

शनिवार, ८

साहेबांच्या शेपटीला रक्त! सोबतीने चावा घेतला. टोपलीत ओला टॉवेल घालून त्यांना प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

त्यांनी विचारलं, एकत्र का ठेवलीत? म्हटलं, सोबत म्हणून.

"कोणाला हवी होती?"

प्रश्न मला आवडला. कासवाला सोबतीची हौस नसते म्हणाले. आपलं पाणी, आपला दगड, आपला दिवा, एवढं त्याला पुरतं. एकावर एक चढतात ती माया नव्हे, दिव्यासाठी चाललेली रेटारेटी. शेपटीला मलम दिलं. मी म्हटलं, हे सगळं लेखी द्या. ते जरा गोंधळले, पण दिलं. "कासवांना सोबतीची गरज नसते. वेगळी ठेवावीत." खाली सही. आल्या आल्या फ्रिजवर लावलं.

आमच्या घरात महत्त्वाचं ते लेखी. ही सवय मला कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी लावली आणि मी मुलीला. तोंडाने तिला कधी काही कबूल करता यायचं नाही, पण कागद दिला की सगळं बाहेर. "आज मी काचेचा जग फोडला. मुद्दाम नाही. थोडासा मुद्दाम." हे फ्रिजवर महिनाभर होतं. यांनी काढू दिलं नाही.

रविवार, ९

मुलगी आली. कागद वाचला. मी भांडणाच्या पूर्ण तयारीत! तर म्हणते, "बरं. दुसरी टाकी आणते."

आणली. फिल्टर, दिवा, दगड, सगळं. बाह्या वर करून स्वतः मांडलं. साहेब तासाभरात दगडावर, चारी पाय ताणून. संध्याकाळी जेवलेसुद्धा.

मी जिंकले. मग चैन का नाही? ती न भांडता गेली. जाताना स्वयंपाकघरातल्या नळाची गळती बघितली, दाराची कडी हलवून बघितली, बल्ब बदलला. विचारलं, आज काय विशेष? म्हणाली, "काही नाही गं आई."

ही मुलगी न भांडता जाते म्हणजे काहीतरी फोडलेलं आहे.

मंगळवार, ११

वन्संचा फोन. माझ्याआधी त्याच कडाडल्या.

"वहिनी, स्पष्टच बोलते. तुला एकटीला राहवत नाही, झोपेत दचकून उठतेस, असं कळलं. म्हणून मी हो म्हटलं. पण माझं घर सोडून यायला माझं मन घेत नाही गं."

मी दचकून उठते?! म्हटलं, वन्सं, तुम्ही म्हणे गॅस चालू ठेवता.

"मी? माझ्याकडे विजेची शेगडी आहे!"

मग दोघी मिळून इतक्या हसलो की माझा दात ठणकायला लागला. दोघींनाही एकच थाप, उलटसुलट करून. वन्सं डोळे पुसत म्हणाल्या असाव्यात, आवाज तसा होता –

"जाऊ दे. जायच्या आधी दोघींची सोय लावायला धडपडतेय पोर."

"कुठे जायच्या आधी?"

पलीकडचा रेडिओ बंद झाला. मग वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तिने तुला सांगितलं नाही?"

बुधवार, १२

दोन्ही टाक्यांतलं पाणी बदललं. घरात शांतता आहे. नको तेवढी.

गुरुवार, १३

वन्संनी सगळं सांगितलं. नोकरीत बढती. लांब, विमानाने जायचं. तीन वर्षं. महिनाअखेरीस निघायचं. एकटीच. तिथे ओळखीचं कोणी नाही.

मला सांगायला तोंड उघडेना, म्हणून कासव घेऊन आली!

शुक्रवार, १४

फ्रिजवर डॉक्टरांच्या कागदाशेजारी चिठ्ठी लावली. रविवारी येईल तेव्हा वाचेल. नक्कल इथे ठेवते –

"तू जाते आहेस हे कळले. अडवणार नाही. साहेब, सोबत, वन्सं आणि मी, चौघेही आपापल्या जागी ठीक आहोत, आमची काळजी नको. खुलासा एकाच गोष्टीचा हवा. तिथे तुला सोबत कोणाची? लेखी उत्तर रविवार, १६ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत, इथेच बसून द्यावे. – आई"