शुक्रवारी भिजत घातलेले बीन्स

ईस्ट डेंबरी, मेन
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०१९

प्रिय वर्ना,

तू बरी असशील. मी बरा आहे. पहिला बर्फ पडून गेला. कोंबड्या अंडी द्यायला कुरकुरताहेत, आणि तुझ्या बहिणीच्या शेगडीचं दार अजूनही काठी अडकवल्याशिवाय बंद राहत नाही.

एप्रिलमध्ये माझी लुएला गेली, तेव्हापासून दर शनिवारी दुपारी माझ्या पायरीवर टॉवेलात गुंडाळलेलं बीन्सचं गरम मडकं येतं. मी धुऊन ठेवतो, पुढच्या शनिवारी ते भरलेलं असतं. शेजारचा हायरम म्हणतो, "देवदूत आणून ठेवत असतील, मर्ल." देवदूतांची गाडी एवढी खडखडत नाही, वर्ना. शिवाय तळाशी अख्खा कांदा आणि काकवी जरा सढळ. तुमच्या आईचा हात मी पहिल्याच दिवशी ओळखला.

खरं सांगतो, पहिली दोन मडकी कोंबड्यांना घातली. तिसऱ्या शनिवारी भुकेपुढे हट्ट हरला. दोन लाल हॉटडॉग लोण्यात परतले, शेजारी तुझे बीन्स वाढून घेतले आणि शेगडीपाशी उभ्यानेच खाल्ले. लुएला गेल्यावर पोटभर जेवलो तो त्या दिवशी. रडलोही.

आता जे लिहायचं टाळतोय, ते. चार वर्षांपूर्वी चर्चमधल्या शनिवारच्या जेवणात मी पहिलाच घास घेतला आणि साऱ्या गावासमोर ओरडलो, "हे डब्यातले बीन्स कुणी आणले?"

तू म्हणालीस, "मी, भावजी. काल भिजत घालायचे विसरले."

"आईचं नाव बुडवलंस की गं!" मी म्हणालो, आणि लोक हसले. तू एप्रन काढून खुर्चीवर ठेवलास आणि निघून गेलीस. त्यानंतर तू आमच्याकडे आली नाहीस, मीही बोलावलं नाही. लुएला एकटीच तुझ्याकडे यायची.

जायच्या आठवड्यात तिला माझं नावही आठवत नव्हतं. पण हे आठवत होतं. म्हणाली, "अहो, ते मडकं माझं होतं. भिजत घालायचं माझ्या डोक्यातूनच गेलं. वर्ना म्हणाली, ताई, तू गप्प राहा."

तिचं विसरणं तिथूनच सुरू झालं होतं. तुला ते तेव्हाच दिसलं. मी तिच्यासोबत एका घरात राहत होतो, मला दिसलं नाही. आणि हे कळूनही सात महिने मी तुला लिहिलं नाही. लाज वाटत होती. तू मात्र एक शनिवार चुकवला नाहीस. तिची लाज राखलीस, माझं पोट भरलंस. तुझे उपकार कुठल्या तोंडाने मानू?

येत्या शुक्रवारी मी स्वतः बीन्स भिजत घालणार आहे. विसरू नये म्हणून शेगडीवर चिठ्ठी चिकटवली आहे. शनिवारी पाचला ये. पायरीवरून परत जाऊ नकोस. हायरमलाही बोलावलंय. मडकं कुणाचं होतं ते मी सांगणार नाही, ते तू झाकलंस तसंच मीही झाकेन. पण तुझी माफी त्याच्यासमोर मागेन, म्हणजे रविवारपर्यंत गावभर होईल. हॉटडॉग आणलेत, तुझे तुला आवडतात तसे जरा करपवून ठेवतो.

दाणे टणक राहिले तर फडताळात डबा आहे. या वेळी चूक माझी, हे मला म्हणू दे.

तुझ्या हातचं खाऊन तगलेला,
भावजी