धाकटीचा डबा

ता. १२, मंगळवार

धाकटे,

आशीर्वाद. आता ते डबे पाठवणं बंद कर. फोन उचलायला तुला सवड नाही, पार्सल बांधायला बरी होते! कपाटात चार डबे पडलेत, वर हसऱ्या पोटाचं चित्र. पोट कधी हसतं का गं? तुमच्या कंपनीत बसून हीच चित्रं काढता वाटतं.

माझं अक्षर वाकडं आहे, शाळा चौथीतच सुटली. लावून वाच.

आईचं चुकलं, मान्य. "जंतू पाळतेस, त्यापेक्षा कोंबड्या पाळ," असं ती चार माणसांत बोलली आणि तू घर सोडलंस. आता तीच आई बघ. सकाळ झाली की चमचा वाजवते. "मोठे, धाकटीची पिल्लं आण." पिल्लं म्हणजे तुझ्या डब्यातल्या पावडरीतले ते पोटाला चांगले जंतू! दूध जरा कढत दिलं तर माझ्यावरच ओरडते, "अगं, मरतील ना ती!" एवढ्या मायेनं तिनं मला कधी विचारलं नाही. असो.

आईचं नुसतं पोट बिघडलंय, असं मी तुला कळवलं होतं. ते पोटाचं नाही. रक्ताचं आहे. जालीम औषध चालू आहे, केस सगळे गेले. तूच म्हणायचीस ना, आईची वेणी मनगटाएवढी? आता डोक्याला माझा जुना रुमाल असतो.

इथे दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या उशाशी तुझा डबा पाहिला आणि माझ्यावर उखडल्या. "हे आजच बंद. धडधाकट माणसाला ठीक आहे. यांच्या अंगात आता झुंजायला काही उरलं नाही. चांगला जंतूसुद्धा रक्तात शिरला तर उलटेल."

बंद केलं. तर आईनं दूधच सोडलं. "धाकटीचं नाही तर काहीच नको." दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडली. मी रागावले, हात जोडले, काही उपयोग नाही. शेवटी तुझा डबा मोरीत रिकामा केला, उकळत्या पाण्यानं धुतला, पुसून कोरडा केला आणि त्यात साधी दुधाची पावडर भरली. तिच्यासमोर झाकण उघडते, चमचा घालते, ढवळते. गटागटा पिते.

काल म्हणाली, "बरं वाटतंय गं. पोरीच्या हाताला गुण आहे."

मी हो म्हटलं. तू असतीस तर काय म्हटलं असतंस?

पुढचं औषध द्यायचं की आता तिला घरी न्यायचं, ते सोमवारी सांगायचंय. मी एकटी सांगणार नाही. ती तुझीही आई आहे. रविवारपर्यंत ये. येणार नसलीस तर फोन उचल आणि तुझ्या तोंडानं तसं सांग, गप्प बसलेलं मला चालणार नाही. आणि येशील तेव्हा रिकाम्या हातानं ये.

रोज तुझ्या नावानं तिला दूध पाजणारी,
मोठी