चौथी ओळ

१२ ऑक्टोबर १९३३

सात पुस्तकं! पुण्याच्या एका कॉलेजानं आपल्या आजी-माजी मंडळींच्या नव्या पुस्तकांची यादी वर्तमानपत्रात दिली आहे. तिसरं नाव — प्रो. सदाशिव मयेकर. म्हणजे आमचा सदू! मराठी चौथीत पहिल्या बाकावर शेंबूड ओढत बसायचा. एका जुन्या कवीचं नौकाख्यान त्यानं टिपांसह छापलं आहे म्हणे. पण ते त्याला शिकवलं कोणी? मी. चालीवर!

माझ्या कविता मात्र तीन मासिकांकडून साभार परत.

१९ ऑक्टोबर

वाचनालयात पुस्तक आलं. प्रस्तावना उभ्यानंच वाचली. आभारच तीन पानं! प्रिन्सिपॉल, छापखानेवाले, प्रुफं तपासणारे मेहुणे — मेहुणेसुद्धा! मास्तर कुठंच नाहीत.

घरी येऊन बडबडलो. ही म्हणाली, "तुमचं नाव नाही म्हणून भात निवत ठेवणार काय?" जेवलो. बांगड्याला चव लागली नाही.

२० ऑक्टोबर

पुस्तक घरी आणलं. पान एकेचाळीस.

'दिवा ओसरीला, पुढे सर्व पाणी'

खाली सदूची टीप — छापील प्रतींतली ओळ नीरस. हा पाठ रत्नागिरीकडे मुखोद्गत आहे, हाच अस्सल, कवीच्या साऱ्या काव्याचा कळस.

अरे, ती ओळ माझी आहे!

शहाण्णव साल. शाळेच्या एकुलत्या प्रतीत त्या श्लोकाची चौथी ओळ वाळवीनं खाल्लेली. तीन ओळींना चाल बसेना. मुलं आ वासून माझ्याकडे बघतायत. तेवढ्यात वेळणेश्वरची आमची ओसरी डोळ्यांपुढे आली. थोरला भाऊ धोंडूदादा गलबतावर गेला तो परत आलाच नाही. आई तरी रोज तिन्हीसांजेला ओसरीवर दिवा ठेवायची, समुद्राकडे तोंड करून. आणि तोंडातून ओळ निघून गेली. मुलांनी ती लगेच उचलली. काय गोड आवाज होते एकेकाचे! पुढं बारा वर्षं तशीच शिकवली. खरी ओळ शोधायची राहूनच गेली.

२४ ऑक्टोबर

सदूला चार पत्रं लिहिली. चारही फाडली. सांगावं तर एवढ्या विद्वानाची पुण्यात फजिती. न सांगावं तर बिचाऱ्या मेलेल्या कवीच्या तोंडी माझी ओळ!

आणि खरं लिहू? — जळफळाट याचा नाहीच. जन्मभर माझ्या एका ओळीला कुणी बरं म्हटलं नाही. आता म्हणतात ते एकदम कळस — आणि तो दुसऱ्याच्या नावावर!

३ नोव्हेंबर

सदू उद्या येतोय. शाळेत व्याख्यान आहे त्याचं. ही म्हणते, "सांगून टाका हो एकदाचं, नाहीतर मलाच वर्षभर ऐकावं लागेल." सांगणार. चारचौघांत नाही, बाजूला घेऊन. पण सांगणार!

४ नोव्हेंबर

व्याख्यान झाल्यावर सदू पाया पडायला वाकला. मी म्हटलं, "सदू, ती चौथी ओळ —"

त्यानं मान वर केली नाही. हळूच म्हणाला, "मास्तर, वाळवीचं भोक पहिल्या बाकावरून दिसत होतं. तुमचं नाव घातलं असतं, तर ओळ काढावी लागली असती."