हाक रिकामी परतत नाही

मी, सिप्रियान इसिडोर मिरांडा, वय बावन्न, धर्म रोमन कॅथलिक, धंदा बाजाच्या पेट्या दुरुस्त करणे (कुणाकडे न शिकता), राहणार मरोळ गावठाण, अंधेरी पूर्व, हा कागद माझ्याच अक्षरात, शुद्धीत आणि कुणी हात धरलेला नसताना लिहितो. मला आजार नाही. काल डॉक्टरांनी छाती तपासून, "अजून पंचवीस वर्षं पेट्या वाजवाल," असे सांगितले. मी वाजवत नाही, दुरुस्त करतो, हे त्यांच्या लक्षात आणून दिले. तरी कागदाची घाई आहे. कारण पुढे येईल.

१. माझे कौलारू घर, ओटी, मागचे परसू आणि परसातली विहीर मी माझी मुलगी पेट्रिशिया हिला देतो. मुलगी हा शब्द विचार करून लिहिला आहे. माझी दिवंगत पत्नी सेराफिना आणि मी, आम्ही तिला दोन वर्षांची असताना सिस्टरांच्या अनाथालयातून आणली. आम्हा ख्रिस्ती लोकांना दत्तकाचा कायदा नाही. कोर्टाने आम्हाला पालक नेमले. ती अठराची झाली आणि तेही संपले. मी कागद न करता गेलो, तर कायद्याने ती माझी कुणी नाही, आणि चुलतभाऊ बेनेडिक्ट कुलूप घेऊन दारात उभा राहील. तसा तोही माझा कुणी नाही. हे तो स्वतःच तीस वर्षे सांगत आला आहे.

२. त्याचे कारण असे. मी पाखाडीतल्या, म्हणजे आमच्या आळीतल्या, क्रुसाच्या पायरीवर सापडलेले मूल. इसिडोर मिरांडा यांनी मला उचलले. बाप्तिस्म्याला पाद्रींनी विचारले, "मूल कुणाचं?" पपा म्हणाले, "माझा." एवढेच. हे घर त्यांनीही मला असाच कागद करून दिले. तेव्हापासून लग्न असो, मयत असो, बेनेडिक्ट चार माणसांत म्हणतो, "तू रक्ताचा नाय रे. विहिरीनं तरी तुझं नाव घेतलं काय कधी?"

३. बाहेरच्या वाचकासाठी खुलासा. आमची विहीर घरच्या लेकरांना नावाने हाक मारते. कायम दुपारी, बहुधा परसात कुणी नसताना. ज्याचे नाव येते तो आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. सुनांना ती बोलावत नाही. सेराफिना काविळीने गेली, विहीर गप्प होती. पपांचे नाव आले तेव्हा मी त्यांच्याशेजारी बसून जेवत होतो. त्यांनी हात धुतले आणि "ओ" दिली. पपांची आई सांगायची, "हाक रिकामी परतत नाय. कुणीतरी घ्यायला लागते." तिच्या सासूने अशीच एका लेकराची हाक स्वतः घेतली होती. लेकरू वाचले, सासू गेली.

मला विहिरीने कधी बोलावले नाही. बेनेडिक्ट, तुला खोटे वाटेल, पण मला त्याचे दुःख होते.

४. हत्यारे, सुरांच्या पट्ट्या आणि अर्धवट राहिलेल्या दोन पेट्या पेट्रिशियाला. काळी पेटी देवळाची, म्हणजे चर्चची आहे, ती परत करावी. तिचा मधला सूर मी लावला आहे; कोणी शहाण्याने पुन्हा हात लावू नये.

५. बेनेडिक्टने नेलेली शिडी त्यालाच दिली. त्याला माणसांच्या वर उभे राहायची हौस आहे.

६. गेल्या मंगळवारी दुपारी, देवळाची घंटा थांबल्यावर, मी ओटीवर पेटी उघडून बसलो होतो. परसातून हाक आली. "पेट्रिशिया." आवाज बाईचा नव्हता, पुरुषाचा नव्हता. एखादा सूर अडकतो आणि भाता बंद केला तरी वाजत राहतो, तसा. माझा कान सूर लावणारा आहे. भास नव्हता.

ती केस विंचरता विंचरता बाहेर आली.

"पपा, हाक मारली?"

"हो, मीच."

"मग परसातून कशी आली?"

"भाता फाटलाय, आवाज कुठूनही येतो. शेजारच्या गुणाजीकडून सरस घेऊन ये."

"सरस कपाटात आहे ना!"

"तो वाळलाय. जा म्हटलं ना गं."

ती गेली. खरे लिहितो. आधी मला आनंद झाला. कागद नाही, कोर्ट नाही, आणि विहिरीने पोर आपली मानली. मग पुढचे कळले. घरची मानली म्हणजे घरचे मरणही तिला लागू झाले.

मी परसात गेलो. रहाटाला दोर नव्हता, पाणी हलत नव्हते. पुन्हा हाक आली, "पेट्रिशिया." मी वाकून म्हणालो, "ओ. आलो."

मग खालून दुसरी हाक आली. हा आवाज ओळखीचा होता. मी खेळायला गेलो की पपा जेवायला बोलवत, अगदी तो.

"सिप्रियान इसिडोर."

बापाच्या नावासकट.

७. मला पपांच्या थडग्यात ठेवावे. बेनेडिक्ट हरकत घेईल. त्याला सांगावे, देवाचा स्वतःचा मुलगा एकच; बाकी आपण सगळे दत्तक घेतलेले. बेनेडिक्ट, तूसुद्धा. देवळात हे वाचतात, तेव्हा तू मागे पान खात उभा असतोस.

८. पेट्रिशिया, विहीर बुजवू नकोस. जिने तुला ओळखले ती तुझी. पाणी भर, कठडा नीट बांधून घे, तुळस लावायची तर गुणाजीला विचार. दुपारी हाक आली तर ओ देऊ नकोस, आणि घाबरूही नकोस. आता तिथे मी आहे. तुझे नाव घ्यायचे तर आधी मला विचारावे लागेल.

९. हा कागद अमलात आणण्याचे काम शेजारी गुणाजी तावडे याच्याकडे. तो म्हणाला, "सिपू, तुका झाला काय? घोड्यासारखो आसस!" गुणाजी, तुला काही ठेवले नाही, साक्षीदाराला दिलेले कायदा मानत नाही. सरस तेवढा परत घे, वापरला नाही.

वरील सर्व वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करतो. पूर्ण नावाने करतो, कारण ते आता माझे आहे.

सिप्रियान इसिडोर मिरांडा

साक्षीदार:
१) गुणाजी तावडे, शेजारी
२) जयवंत पेडणेकर, शिंपी, मरोळ नाका

मरोळ गावठाण, अंधेरी पूर्व
शुक्रवार, ३१ ऑक्टोबर १९८६, दुपारच्या घंटेआधी