वेलची केळीच्या पानांवरच्या रेघा

शुक्रवार, मेअखेर. संध्याकाळ.

वेलची केळीच्या पानांवर पिवळ्या रेघा उठल्या आणि मामंजींनी फैसला सुनावला: मी पाळीत बागेत गेले, माझा विटाळ झाला. काय ही अक्कल! आज पानांचा रिपोर्ट आला. विषाणू बाहेरून आलेलाच नाही. या केळीच्या जनुकांतच तो पिढ्यान्‌पिढ्या झोपून असतो. तसं सांगितलं, तर बशीतला चहा फुंकत म्हणतात, "झोपला व्हता, मग उठवला कुणी?" आणि परत माझ्याकडंच बघितलं!

"ताण पडला की उठतो, मामंजी. भर उन्हाळ्यात केळीचं पाणी उसाला कुणी वळवलं?"

बशी तोंडाला लावून चहा संपवला. मग म्हणाले, "रेघा काय, केळीला असायच्याच."

माझ्यामुळं आल्या तेव्हा रोग होता. त्यांच्यामुळं आल्या तर नुसत्या रेघा.