खडी सुकीच ठेव

रविवार, ९ मे

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, पण त्याचे लाडच फार झालेत. शिवणकाम भरपूर आहे. शेजारच्या मास्तरीणबाईंचे पडदे काल संपवले. वहिनीचा खोकला थांबला का? फोनवर तू मला बोलण्यात घोळवतोस, म्हणून लिहितेय.

माडीवरच्या आपल्या खेळण्यातल्या छोट्या रेल्वेचं म्हणशील, तर बोगद्याकडच्या वळणाखालचे बुचाचे पट्टे मी उचकटून पुन्हा बसवले. कडा तू सरळसोट कापल्या होत्यास. मी त्या ब्लेडने तिरप्या केल्या, पॉलिशपेपरने घासल्या, तेव्हा कुठे खऱ्या भरावासारखा उतार आला. गाडी धावली की झालं, हे तुझं पहिल्यापासूनचं. मग चहाच्या गाळणीने चाळलेली खडी चमच्याने सोडली आणि रंगाच्या जुन्या ब्रशने स्लीपरांच्या मधे सारली. गाडी जिथे रूळ बदलते त्या सांध्यापाशी तर एकेक कण सुईने वेचला, कारण तिथे एक जरी अडकला तरी इंजीन आडवं होतं.

गोंद तेवढा राहिला होता. तो लागला की खडी, बूच, रूळ सगळं एकजीव. मग मोडल्याशिवाय काही निघत नाही. मी वाटी घेऊन बसलेच होते, तेवढ्यात तुझा फोन आला. "ताई, खडी सुकीच ठेव. गोंद आपण दोघं मिळून लावू. मी येतो."

इतक्या वर्षांत तू आपणहून येतो म्हणाला नव्हतास. मी हरखले. तेव्हापासून दोन महिने, भर उन्हाळ्यात, त्या खोलीत पंखा लावला नाही, खिडकी उघडली नाही, कारण फुंकर आली तरी खडी रुळांवर पसरते. मांजराला जिन्याखाली कोंडलं. घामाघूम होऊन रोज कडा नीट करायचे आणि तुझी वाट बघायचे. मास्तरीणबाई म्हणाल्या, तुम्हाला वेड लागलंय. लागलंच होतं.

आता मुद्द्यावर येते, मघापासून टाळतेय. परवा एक गृहस्थ आले, जुन्या खेळण्यांचे व्यापारी. रूळ बघायला आलोय म्हणाले. मला वाटलं, पत्ता चुकले. त्यांनी खडीतून बोट फिरवलं आणि खूश झाले. म्हणाले, "बरं झालं, चिकटवलं नाहीत. तुमचे भाऊ म्हणालेच होते, ताईला सांगून ठेवलंय, ती गोंद लावणार नाही." झाकली मूठ म्हणून मी हसले, त्यांना चहासुद्धा दिला. वीस तारखेला खोकी घेऊन येणार आहेत.

रूळ तुझ्या पैशाचे, मान्य. विकायचे होते तर विकतो म्हणायचं होतंस. मी रडले असते, भांडले असते, आणि शेवटी स्वतः कागदात बांधून दिले असते. तुला ठाऊक आहे. पण तू येतो म्हणालास. माल खराब होऊ नये म्हणून तू मला येतो म्हणालास, धाकट्या. केसाने गळा कापलास.

आज दुपारी पाण्यात साबणाचा थेंब टाकून मी सगळी खडी भिजवली आणि पातळ केलेला गोंद ड्रॉपरने सोडला, स्टेशनापासून बोगद्याच्या पलीकडपर्यंत. सांध्यांची हलणारी पाती तेवढी वगळली. राग माझा आहे, गाडीचं काय चुकलं? हे लिहितेय तोवर गोंद दुधासारखा पांढरा दिसतोय. उद्या वाळला की दिसणारही नाही. त्या गृहस्थांना येऊ नका म्हणून कळवायचं काम तुझं.

रूळ अजूनही तुझेच आहेत. न्यायचे तर स्वतः ये, करवत घेऊन ये, आणि माझ्यासमोर काप.

तुझी वाट न बघणारी,
ताई